रेफरीची खुर्ची

रविवार, १५ नोव्हेंबर १९९८. जेवणाची भांडी उचलली आणि त्याच टेबलावर पानिपतचं ब्लँकेट पसरून बंदूक साफ करायला घेतली. गजाला नवऱ्याच्या जुन्या बनियनची चिंधी बांधून नळीत घालायची, काळी होऊन बाहेर आली की टाकायची, नवी बांधायची. शेवटी शिलाई मशीनचं तेल. एरवी चार चिंध्यांत काम होतं. त्या दिवशी आठ लागल्या, कारण हात मध्येच थांबत होता. शेजारी माझं त्या सकाळचं स्कोअरकार्ड पडलं होतं. पंचवीसपैकी पंचवीस, खाली बाऊजींची सही. नेमबाजीच्या तबकड्या मी फोडल्या होत्या चौदा.

बंदूक सासऱ्यांची. ते चंद्रपूरकडे वनखात्यात होते. ते गेल्यावर नवरा म्हणाला, पोलिसांकडे जमा करून टाकू. चौकशी केली तर जमा करायलाही रांग आणि नावावर करून घ्यायलाही रांग. मी म्हटलं, मग नावावरच करू.

"तुझ्या कर," नवरा म्हणाला. "रांगा तुला जमतात."

जमतात. पाच खेपांत लायसन्स माझ्या नावावर झालं. मग घरात बंदूक आहे आणि ती उघडायची कशी हे कोणालाच माहीत नाही, हे काही मला पटेना. ऑफिसात कोणीतरी सांगितलं की दिल्लीच्या दक्षिण टोकाला रेंज आहे, तिथे रविवारी सकाळी लोक हौसेने बार काढतात. मी गेले. एक तास शिकायला म्हणून गेले आणि दर रविवारी जायला लागले.

तेव्हा आम्ही दिल्लीतलं लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडून गुडगावला स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो होतो. नववा मजला, एका खिडकीतून मोहरीची शेतं, दुसरीतून अर्धवट इमारतींचे सांगाडे. लिफ्ट होती, पाणी नव्हतं. सोसायटीत कोणी कोणाला ओळखत नव्हतं. रेंजवर मात्र पहिल्याच दिवशी एका दंतवैद्याने माझ्या खांद्यावर, बंदुकीचा धक्का बसतो तिथे, टॉवेल घडी करून ठेवला, "भाभीजी, नहीं तो कल कंघी नहीं होगी." कपड्यांची एक्स्पोर्टर असलेल्या बाईने स्वतःचे कानाचे बोळे दिले. सोसायटीचं पाणी चार दिवस गेलं तेव्हा त्याच डॉक्टरने ओखल्याहून टँकर पाठवला, मी न मागता. अशी माणसं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्यांच्याविषयी मी फार चांगलं लिहिणार नाही.

तिथला खेळ असा. जमिनीतल्या खंदकातून यंत्र एक तबकडी फेकतं. बशीएवढी, डांबर आणि चुन्याची, तिला क्ले म्हणतात. आमच्यात सगळे चिड़िया म्हणत. तुम्ही "पुल" म्हणायचं, ती उडते, तुमच्याकडे दोन बार. एका फेरीत पंचवीस. एका रांगेत सहा जण उभे राहतात, सहाच. सातव्याने मागे खुर्चीवर बसून रेफरी व्हायचं. चिड़िया निसटली तर मोठ्याने "लॉस्ट" म्हणायचं; फुटली तर गप्प बसायचं. नियम कडक आहे. डोळ्यांना दिसेल असा एक तरी तुकडा निघाला पाहिजे. नुसती धूळ उडाली तर धरत नाहीत.

सकाळच्या पहिल्या रांगेतले सहा जण वर्षानुवर्षं ठरलेले. मी सातवी. नऊ महिने मी खुर्चीवर बसले आणि उरलेल्या वेळात, सगळे पराठे खात असताना, एकटी दहा-बारा बार काढत राहिले. सहांतला कोणी गेल्याशिवाय जागा होत नव्हती आणि कोणी जात नव्हतं.

सहांत सर्वांत म्हातारे बाऊजी. पानिपतला ब्लँकेटचा कारखाना, वय सत्तरीच्या पुढे, अंगात नेहमी एकच तपकिरी जॅकेट. नव्या माणसाला ते एक ब्लँकेट देत, मलाही दिलं. मराठी आहे कळल्यावर म्हणाले, "अच्छा, मराठन. तुम लोगों का निशाना पानिपत में भी ऊपर से गया था." मग माझी बंदूक हातात घेऊन तासभर शिकवलं. गाल लाकडाला लाव. चिड़ियाकडे बघ, नळीकडे नको. मी चुकले की हसत नसत. नेमबाजीतलं मला जे काही येतं ते त्या माणसाने दिलेलं आहे.

आणि त्या माणसाला दिसत नव्हतं.

हे मला दुसऱ्याच रविवारी कळलं. मी खुर्चीवर होते, बाऊजींची चिड़िया सुखरूप उडत जाऊन पलीकडच्या गवतात पडली आणि मी "लॉस्ट" म्हणायला तोंड उघडलं. डॉक्टरने मागून खांद्यावर हात ठेवला.

"भाभीजी," तो हळूच म्हणाला, "बाऊजी की चिड़िया हवा से भी मरती है."

चहाच्या वेळी त्याने नीट सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, ऑपरेशनने जाणारा नाही. मुलाने अट घातली आहे: दर रविवारचं कार्ड घरी आणून दाखवायचं. पंधरा किंवा वर असेल तर ठीक. एकदा जरी पंधराच्या खाली आलं तर गाडीची किल्ली मुलाकडे आणि बंदूक डीलरकडे. मुलगा स्वतः एकदा येऊन सगळ्यांसमोर हे सांगून गेला होता, ब्लँकेटच्या दुकानाचं, फोन नंबर असलेलं कार्डही वाटून गेला होता. मीही एक मागून पर्समध्ये ठेवलं. मी कागद टाकत नाही.

"उनका और है ही क्या," एक्स्पोर्टवाली म्हणाली. "संडे गया तो बाऊजी गए." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यानंतर पाचच मिनिटांत ती बाऊजींची नक्कल करून दाखवत होती, चिड़ियाच्या उलट्या बाजूला बंदूक धरून, आणि सगळे हसत होते. बाऊजी वीस पावलांवर बसून लोणचं शोधत होते.

आणखी एक गोष्ट होती, ती डॉक्टरने सांगितली नाही, मला हळूहळू कळली. परदेशी काडतुसं मागवायची परवानगी आमच्यात फक्त बाऊजींकडे होती, जुन्या स्पर्धांतल्या कामगिरीमुळे. देशी काडतूस ओलं निघायचं, परदेशी कधीच नाही. बाऊजी खोकी आणत आणि सगळ्यांत वाटत. बाऊजी राहिले तर काडतुसं राहणार होती.

मग मीही गप्प बसायला शिकले. खोटं बोलावं लागत नव्हतं, हेच त्यातलं सोपं. नुसतं तोंड मिटून कार्डावर आकडा मांडायचा. शेवटी सोळा किंवा सतरा लिहायचे, अठरा कधी नाही, संशय येतो. आमच्यात त्याला "बाऊजी-पॉइंट" म्हणत. बाऊजी बार काढत आणि मान किंचित मागे वळवून थांबत. ते ऐकत असत. माझ्या गप्प बसण्यातूनच त्यांना कळायचं की चिड़िया फुटली. एकदा विचारलं, "टूटी थी ना?" मी म्हटलं, "हाँ जी, बाऊजी. दो टुकड़े."

आता माझ्या नोकरीचं सांगते. मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना, तिथे मी ट्रान्सपोर्ट बघते. कामगारांच्या बस, त्यांचे ड्रायव्हर. दर सहा महिन्यांनी ड्रायव्हरांचे डोळे तपासून घेणं माझं काम. तक्त्यावरची ओळ वाचता आली नाही की त्याच दिवशी स्टिअरिंग बंद. पाया पडणारे बघितले, बायकोला घेऊन येणारे बघितले. एकाने तक्ता पाठ केला होता. मी तक्ता उलटा टांगला. माझ्याकडे या सगळ्यांसाठी एकच वाक्य आहे: दिसायला लागलं की परत या.

आणि दर रविवारी हीच मी, ज्याला तक्ताच दिसणार नाही अशा माणसाच्या हातात पंधराच्या वरचं कार्ड देऊन त्याला जीटी रोडवर पाठवत होते. एकटा, स्वतः गाडी चालवत, ट्रकांच्या मधून, पानिपतपर्यंत.

ऑक्टोबरात निघताना बाऊजींनी गाडी रिव्हर्स घेतली. मी नुकतीच पाणी प्यायला उठले होते. गाडी रेंजच्या हद्दीची दोरी ओलांडून आली आणि माझी घडीची खुर्ची चाकाखाली सपाट झाली. बाऊजी काच खाली करून म्हणाले, "कुछ लगा क्या?"

"बाऊजी, आज का पहला असली हिट," डॉक्टर म्हणाला. सगळे हसले. बाऊजीही हसले. पुढच्या रविवारी त्यांनी माझ्यासाठी नवी खुर्ची आणली, हात असलेली, जुनीपेक्षा चांगली.

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "अगं, तू कशाला मध्ये पडतेस? आठवड्यातून एकदा भेटणारी माणसं."

"ते घरी नीट पोचले की नाही, ते तरी कसं कळणार?"

"नाही पोचले तर पेपरात येईल," तो म्हणाला आणि टीव्हीचं चॅनेल बदललं.

त्यानंतर पाच रविवार मी गप्प बसले, हेही लिहायला हवं. सहाव्या रविवारी, म्हणजे १५ नोव्हेंबरला, मी गप्प बसले नाही. त्याच आठवड्यात डॉक्टरने सहज म्हणून सांगितलं होतं की डिसेंबरात जयपूरला क्लबांची मैत्रीपूर्ण स्पर्धा आहे आणि आपली पहिली रांग तशीच जाणार. तशीच म्हणजे बाऊजींसकट, माझ्याशिवाय. मला जयपूरला जायचं होतं. जीटी रोडवरच्या माणसांची काळजी मला आधीपासून होती आणि ती पाच रविवार मला गप्प ठेवू शकली. जयपूर आलं आणि तोंड उघडलं. कोणी विचारलं तर मी रस्त्याचंच कारण सांगते. तेही खरंच आहे.

त्या सकाळी धुरकट होतं पण तबकडी स्पष्ट दिसत होती, निदान आम्हाला. बाऊजी रांगेत चौथे. "पुल." दोन बार. चिड़िया डावीकडे गेली, बार उजवीकडे.

"लॉस्ट," मी म्हणाले.

बाऊजी वळले. "क्या बोला?"

"लॉस्ट, बाऊजी."

पाचवीने, म्हणजे एक्स्पोर्टवालीने, बंदूक उचललीच नाही. मग उचलली. फेरी पुढे सरकली. बाऊजींची पुन्हा पाळी. लॉस्ट. पुन्हा. लॉस्ट. त्यांनी चष्मा पुसला, टोपी मागे फिरवली. सहाव्या वेळी खरोखर एक फुटली, छान चार तुकडे झाले. मी गप्प बसले आणि बाऊजींचा चेहरा असा काही उजळला की मला मान खाली घालून कार्डावर रेघा ओढाव्या लागल्या. पुढची लॉस्ट. त्याच्या पुढची लॉस्ट.

जागा बदलताना डॉक्टर खुर्चीजवळ आला.

"मैडम, तबीयत ठीक है?" त्या दिवशी माझी भाभीजीची मैडम झाली होती.

"बिल्कुल, डॉक्टरसाब. आँखें भी ठीक हैं."

"एक साल से सब ठीक चल रहा था."

"हाँ. चल ही रहा था."

"और कारतूस? अब आप लाएँगी?"

तेवढ्यात बाऊजींनी "पुल" म्हटलं आणि मला पंधराव्यांदा की काय लॉस्ट म्हणायचं होतं. शेवटच्या काही बारांना ते नेम धरतच नव्हते. बंदूक खांद्याला लावायची, दोन्ही चाप ओढायचे आणि मान मागे करून थांबायचं. मी थांबवत नव्हते. नियमाप्रमाणे पंचवीस व्हायला हवे होते, पंचवीस झाले. पाच फुटल्या.

कार्डावर मी ५ लिहिलं, सही केली. आकडे आम्ही इंग्रजीत लिहितो. डॉक्टरने माझ्या हातातून कार्ड घेतलं, माझाच पेन घेतला आणि सर्वांसमोर पाचाच्या आधी एक ओढला. छान सरळ एक, दातांचं काम करणाऱ्या हाताचा. मग ते कार्ड बाऊजींच्या जॅकेटच्या खिशात घालून वरून थोपटलं.

"पंद्रह, बाऊजी. बच गए."

बाऊजींनी खिशावर हात ठेवला, कार्ड बाहेर काढलं नाही. कोणाकडे बघावं हे त्यांना कळत नसावं; मी उभी होते त्याच्या जरा बाजूला बघत ते म्हणाले, "मराठन, दूसरे राउंड में तू मेरी जगह आ जा. मैं कुर्सी पर बैठता हूँ."

"बाऊजी, आप रेफरी?" एक्स्पोर्टवाली म्हणाली.

"क्यों? बैठना ही तो है."

ते त्यांनीच आणलेल्या खुर्चीवर बसले, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर. मी चौथ्या जागेवर उभी राहिले. नऊ महिने जी जागा मागून बघितली तिथून खंदक वेगळाच दिसतो, जवळ आणि खोल. फेरी सुरू झाली. डॉक्टरची पहिलीच चिड़िया निसटली. आम्ही सगळे थांबलो. मागून काही आवाज आला नाही. एक्स्पोर्टवालीची निसटली. काही नाही. माझी तिसरी निसटली. मी नकळत मान मागे वळवली, अगदी त्यांच्यासारखी. बाऊजी समोर बघत बसले होते. दीडशे चिड़िया उडाल्या, त्यांतल्या निदान पन्नास अखंड गेल्या असतील, आणि बाऊजींनी एकदाही तोंड उघडलं नाही.

दहाव्या पाळीनंतर सगळे घाईघाईने मारायला लागले, लवकर संपावं म्हणून, आणि त्यामुळे आणखी निसटल्या.

शेवटी बाऊजींनी सहाही कार्डं मागून घेतली. नाकाशी धरून प्रत्येकावर मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं: २५. सही. पुढचं. २५. सही. मग एकेकाला हातात दिलं.

"सब के पच्चीस," ते म्हणाले. "आज हवा अच्छी थी."

डॉक्टर हसायला लागला आणि मग थांबला. पराठ्यांचा डबा उघडला गेला नाही. बाऊजींनी बंदूक सुटी करून खोक्यात घातली, खोकं गाडीत ठेवलं, चावी लावताना दोनदा चुकले, तिसऱ्यांदा बसली. फाटकातून गाडी नीट बाहेर गेली. उजवा दिवा लुकलुकत होता आणि ती डावीकडे वळली. त्यांच्या खिशात पंधराचं कार्ड होतं.

एक्स्पोर्टवाली माझ्याजवळून जाताना म्हणाली, "खुश? अब जयपुर चली जाना." मी हो म्हटलं.

हे सगळं झालं आणि मी घरी येऊन चिंध्या काळ्या करत बसले. नवरा येऊन कार्ड उचलून म्हणाला, "अरे वा, पंचवीस?"

"चौदा," मी म्हटलं.

"मग हे?"

"आंधळ्याने मोजलेत." तो जरा दचकला. मला दुसरा शब्द सुचला नाही, सुचवून घ्यायचाही नव्हता. बंदूक पुसून, तेल देऊन, कपाटात कुलूप लावून ठेवली. ब्लँकेटला तेलाचा डाग पडला, तो साबणाने घासला, गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सोमवारी कंपनीची बस सव्वाआठला येते, मी पावणेआठला खाली उतरले. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवाल्याने नुकतंच शटर वर केलं होतं. पर्समधून दुकानाचं कार्ड काढलं आणि पानिपतचा नंबर लावला. मुलगा उचलेल असं धरून वाक्य जुळवून ठेवलं होतं.

बाऊजींनी उचलला.

"कौन? मराठन?" त्यांनी आवाज लगेच ओळखला. ऐकण्याची त्यांना सवय होती. "पहुँच गया था मैं. ढाई घंटे लगे."

"बाऊजी, बेटे को फ़ोन दीजिए."

पलीकडे कोणीतरी गाठोडी टाकत होतं, धप्प, धप्प.

"उसने कार्ड देख लिया," ते म्हणाले. "मान गया. पंद्रह." मग आवाज खाली आणून, "एक संडे और दे दे, बेटा. एक. फिर मैं खुद बोल दूँगा उसे."

"नहीं, बाऊजी."

"जयपुर तू ही जा. मैं कह दूँगा सबको."

"बाऊजी, फ़ोन दीजिए."

ते फोन ठेवू शकले असते. मी तेवढ्यासाठी थांबलेही, मीटर चालू होता, बूथवाला बघत होता. त्यांनी फोन ठेवला नाही. बाजूला कोणाला तरी म्हणाले, "ले, तेरा है. रेंज से," आणि रिसीव्हर एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज आला.

"जी?" मुलगा म्हणाला.

"पाँच," मी म्हणाले. "कल पच्चीस में से पाँच थे. आगे का एक बाद में लगाया है. साल भर से हम यही कर रहे हैं. आज से गाड़ी मत दीजिए."

त्याने विचारलं, कोण बोलतंय. मी माझं नाव सांगितलं, दोनदा, नीट ऐकू जाईल असं. मग पैसे दिले, पावती घेतली आणि बस येत होती म्हणून रस्ता ओलांडला. त्या आठवड्यात डोळे तपासायचे होते. चढताना ड्रायव्हरला सांगितलं, बुधवारी साडेदहाला तुझा नंबर आहे, चष्मा असेल तर घेऊन ये.